बोर्डात न्यूट्रल नव्हता: जुळे सोलापुरातल्या एका पहिल्या घराचा प्रकरण अभ्यास

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या पट्ट्यात पहिला फ्लॅट घेणाऱ्या तरुण कुटुंबांमध्ये एक ठरावीक गोंधळ वारंवार दिसतो. घराचा ताबा मिळायच्या आधीच घरासाठीची उपकरणं येऊन पडलेली असतात. नवं काय आलं याच्या बातम्या रोज वाचल्या जातात, दिवाळीच्या सेलमध्ये खरेदी होते, आणि मग भिंत ती उपकरणं घ्यायला तयार नसते. अशा घरांत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी इथे एकाच घराच्या रूपात मांडल्या आहेत, म्हणून कुटुंबाला नाव दिलेलं नाही.

घर चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं, चटई क्षेत्र ६४० चौरस फूट. हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. नवरा आयटीतलं काम घरूनच करतो, बायको शिक्षिका, मुलगी सात वर्षांची, सोबत नवऱ्याचे वडील. ताबा गुढीपाडव्याला मिळाला आणि वास्तुशांत अक्षय तृतीयेला ठरली. मध्ये जेमतेम महिना, आणि तोही सोलापूरच्या उन्हाळ्यातला.

आधीच घेतलेलं सामान

दिवाळी २०२५ च्या सुमारास घेतलेलं सामान असं होतं: स्मार्ट स्विचची १२ मोड्यूल (बोर्डाच्या मागे बसणारी, रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारं छोटं बटण असलेली), वायफाय ७ चा राउटर, चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, दीड टनाचा पंचतारांकित एसी, ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आणि टाकीतल्या पाण्याची पातळी फोनवर दाखवणारा सेन्सर.

खरेदीमागची कारणं वाईट नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे एसी तेव्हा घेणं योग्यच होतं. पंख्यांना तर आम्ही या यादीतली सगळ्यात शहाणी खरेदी म्हणू. चूक झाली ती स्विच आणि राउटरमध्ये, कारण ही दोन्ही उपकरणं भिंतीतल्या तारांवर आणि घराच्या रचनेवर अवलंबून असतात आणि तोवर घर आतून कुणी पाहिलेलं नव्हतं.

बोर्ड उघडल्यावर

पहिल्या दिवशी वायरमनने घरातले नऊच्या नऊ बोर्ड उघडले. हे काम दोन तासांचं आहे आणि ते कुठलंही उपकरण घेण्याच्या आधी व्हायला हवं. लागतं ते एवढंच: मेन बंद करणं, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मल्टीमीटर आणि प्रत्येक बोर्डाचा आतून फोटो.

नऊपैकी चार बोर्डांत न्यूट्रल, म्हणजे फेजने आणलेली वीज परत नेणारी तार, नव्हता. तिसरा बोर्ड उघडल्यावर वायरमन म्हणाला, "साहेब, ह्यात फेजच आलाय. न्यूट्रल वरनंच पंख्याला गेलाय." आपल्याकडच्या वायरिंगची पद्धतच अशी आहे. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट असतो तिथे सॉकेटसाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत नेणारी तार) तिन्ही येतात. नुसते दिवे-पंख्यांची बटणं असलेल्या बोर्डात फक्त फेज येतो, बटणातून पुढे जातो, आणि न्यूट्रल जंक्शन बॉक्समधून परस्पर दिव्याला पोचलेला असतो. साध्या बटणाला न्यूट्रल लागतच नाही, त्यामुळे बिल्डरने तार वाचवली यात त्याची चूक म्हणता येत नाही. स्मार्ट मोड्यूलमध्ये मात्र वायफायची चिप चोवीस तास जागी असते. तिला स्वतःला वीज हवी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत.

मोड्यूलच्या खोक्यावर 'मॅटर' हे चिन्ह होतं आणि खरेदी त्याच भरवशावर झाली होती. 'मॅटर' हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी कशी बोलतील एवढंच ते ठरवतं. भिंतीत कुठली तार असावी याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि बातम्यांत हा भाग येत नाही.

चार बोर्डांसाठी चार वाटा होत्या. पहिली, न्यूट्रलशिवाय चालणारं मोड्यूल. ते दिव्यातूनच बारीकसा करंट वाहू देऊन स्वतःला जिवंत ठेवतं. जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही होत नसे, पण ९ वॉटचा एलईडी बंद असतानाही मंद पेटतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याच्या टोकाला बायपास कपॅसिटर (तो करंट बाजूने वळवणारा सुटा भाग) जोडावा लागतो आणि छतातला प्रत्येक पॉइंट खोलावा लागतो. दुसरी वाट, जवळच्या सॉकेटच्या बोर्डातून त्याच पाइपातून नवी न्यूट्रल ओढून आणणं. तिसरी, बोर्डाला हात न लावता पंखा किंवा दिवाच रिमोटचा घेणं. चौथी, तो बोर्ड साधाच राहू देणं.

हॉलमध्ये दुसरी वाट जमली. पाइप २५ मिलिमीटरचा होता, तार ओढायची स्प्रिंग सहज फिरली आणि १ चौरस मिलिमीटरची काळी तार अर्ध्या तासात ओढून झाली. मुलीच्या खोलीत पाइप २० मिलिमीटरचा, त्यात आधीच सहा तारा आणि मध्ये दोन वळणं. स्प्रिंग दुसऱ्या वळणाला अडकली. तिथे जोर लावला की जुन्या तारांचं आवरण सोलतं आणि तो दोष वर्ष-दोन वर्षांनी शॉर्टच्या रूपात वर येतो. तिथे थांबून तिसरी वाट घेतली: रिमोटचा पंखा आणि साधी बटणं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. न्यूट्रल सापडत नाही म्हणून काही जण मोड्यूलची न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून देतात. मोड्यूल लगेच चालू होतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात अर्थिंगच्या तारेतून आता करंट परत जातोय. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी सुरक्षा-कळ) असेल तर एक ना एक वेळ ती ट्रिप होते. ती नसेल आणि अर्थिंग कुठे तुटलेलं असेल, तर तोच करंट फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येऊन उभा राहतो. घरात लहान मूल असो वा नसो, हे कुणीही करू नये आणि करू देऊ नये.

जागेचा प्रश्न वेगळा. भिंतीतला मोड्युलर डबा सुमारे ५० मिलिमीटर खोल असतो. त्यात बटणांचा मागचा भाग, रेग्युलेटर आणि तारांची गुंडाळी गेली की मोड्यूलला जागा उरत नाही. बीएलडीसी पंखे असल्याने रेग्युलेटर काढायचेच होते, त्यामुळे इथे सुटका झाली. बीएलडीसी पंखा रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. त्याचा वेग पंख्यातलंच सर्किट ठरवतं, रेग्युलेटरमधून कापलेली वीज गेली की ते सर्किट तापतं आणि पंखा गुणगुणतो. रेग्युलेटर काढून सरळ जोड द्यावी आणि मोकळ्या जागी झाकणपट्टी बसवावी.

शेवटी पाच मोड्यूल बसली: हॉलमध्ये दोन आणि गिझर, पॅसेज, गॅलरी इथे एकेक. गिझरसाठी नेहमीचं मोड्यूल चालत नाही. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो, त्यामुळे किमान १६ अँपिअरचं मोड्यूल घ्यावं लागलं. उरलेली मोड्यूल परत करण्याची मुदत दिवाळीनंतर दहा दिवसांतच संपली होती.

इन्व्हर्टर आणि सारखी पडणारी आरसीसीबी

या घरात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. इन्व्हर्टर बसवला, लाइट घालवून पाहिली, पंखे-दिवे छान चालले. लाइट आली आणि हॉलचं बटण दाबताच आरसीसीबी पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. बसवायला आलेल्या माणसाने सुचवलं की आरसीसीबी खराब आहे, ती काढून सरळ जोड देतो. कुटुंबाने नकार दिला आणि तो नकार फार मोलाचा ठरला.

आरसीसीबी एकच गोष्ट पाहते: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की ती तोडते. या घराच्या डीबीमध्ये (विजेच्या मुख्य वितरण पेटीत) बिल्डरने आरसीसीबी फक्त प्लग पॉइंटच्या लाइनवर दिली होती, दिवे-पंख्यांची लाइन तिच्या बाहेर होती. इन्व्हर्टरचा प्लग हॉलच्या सॉकेटमध्ये, म्हणजे आरसीसीबीच्या आत. इन्व्हर्टरने पोसलेले दिवे मात्र बाहेरच्या न्यूट्रल पट्टीवर (डीबीत न्यूट्रल तारा जिथे एकत्र जोडतात ती पट्टी). लाइट असताना फेज आरसीसीबीतून जातो, इन्व्हर्टरमधून दिव्यात जातो आणि परत येताना आरसीसीबीला वळसा घालून येतो. दिव्याचा सगळा करंट तिला गळती वाटतो. लाइट नसताना वीज बॅटरीतून येते, आरसीसीबी त्या वाटेवर नसते, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत दिसतं.

इलाज असा केला. इन्व्हर्टरसाठी डीबीतून ६ अँपिअरच्या एमसीबीची (करंट जास्त झाला की तोडणाऱ्या कळीची) वेगळी लाइन काढली. इन्व्हर्टरवरच्या दिवे-पंख्यांना स्वतंत्र न्यूट्रल पट्टी दिली आणि त्या भागावर ३० मिलिअँपिअरची दुसरी आरसीसीबी बसवली. मग एकेक बोर्ड तपासून इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल कुठे एकत्र बांधलेली नाही ना, हे पाहिलं. हॉलच्या बोर्डात नुकतीच ओढलेली नवी न्यूट्रलच चुकीच्या पट्टीवरून आली होती. ती बदलल्यावर आरसीसीबी टिकली.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के जातात, म्हणजे हाती सुमारे १२०० वॉट-तास येतात. तीन बीएलडीसी पंखे ९० वॉट, पाच दिवे ४५, राउटर आणि इंटरनेटच्या फायबरची पेटी २०, लॅपटॉप ६०, असे २१५ वॉट. साडेपाच तास निघतात. हेच पंखे ७५ वॉटचे असते तर बेरीज ३५० वर जाऊन साडेतीन तासांतच बॅटरी बसली असती. दोन तासांचा हा फरक पंख्यांनी कमावला, त्यासाठी बॅटरीवर एक रुपया जास्त गेला नाही.

बॅटरीची जागा आधी पश्चिमेच्या गॅलरीत ठरली होती. ती बदलून किचनमागच्या सावलीतल्या हवेशीर कोपऱ्यात नेली. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत हात ठेववत नाही. बंद माळ्यावरही ती ठेवू नये, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. उन्हाळ्यात पाण्याची पातळी महिन्याला पाहावी. डिस्टिल्ड पाणीच घालावं, आरओचं चालत नाही.

आणखी एक खोच. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. राउटर बंद पडू नये म्हणून नवऱ्याने ते यूपीएसवर ठेवलं. त्या स्थितीत साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर वीज गेली की इन्व्हर्टर ती नाकारतो आणि बॅटरीवर जातो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी चालू झाल्यावर व्होल्टेज १७५ वर येत होतं, म्हणजे लाइट असूनही बॅटरी रिकामी होत होती आणि रात्री खरोखर लाइट गेली की दीड तासात अंधार. बटण नॉर्मलवर टाकलं आणि राउटर व फायबरच्या पेटीला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस दिला. तो घेताना दोन्ही अडॅप्टरवरचा आकडा वाचावा. काही पेट्या ९ किंवा ५ व्होल्टच्या असतात आणि त्यांना १२ दिले की त्या जळतात.

एसी, कूलर आणि मंजूर भार

१ जानेवारी २०२६ पासून एसीच्या तारांकनाचे निकष कडक झाले. आपला पंचतारांकित एसी खालच्या पायरीवर गेल्याची बातमी वाचून नवरा खट्टू झाला. यंत्र तेच, वीज तेवढीच. पाहायचं असतं ते लेबलवरचा आयसीअर (हंगामभरातली वीज-कार्यक्षमता दाखवणारा आकडा) आणि वर्षाची युनिट. ही युनिट १६०० तास धरून काढलेली असतात. मार्च ते जून रोज आठ तास चालवला तर ९७६ तास होतात. लेबलवर ७५० युनिट असतील तर आपल्या वाट्याला ४६० च्या आसपास येतात, सोलापूरच्या उन्हात थोडी जास्तच.

एसीची लाइन डीबीपासून ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची आणि २० अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीवर हवी. इथे तार २.५ ची निघाली. बदलायला भिंतीत झिरी मारावी लागणार होती आणि रंग झालेला होता. लांबी आठ मीटर होती आणि एसीचा चालू करंट सात-आठ अँपिअर, म्हणून एमसीबी १६ ची ठेवून आहे ती तार राहू दिली. हा निर्णय या लांबीपुरताच बरोबर आहे. पाहुणे आल्यावर त्याच लाइनवर इस्त्री जोडायची नाही, हे सगळ्यांना सांगितलं.

मंजूर भार २ किलोवॉटचा होता. एसी, गिझर आणि इंडक्शन एकाच वेळी लागले तर तो ओलांडतो. महावितरणकडे वीजबिलावरचं नाव बदलण्याचा अर्ज करायचाच होता, सोबत भारवाढीचाही केला. सूची क्रमांक २ ची (घराच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्याची, म्हणजे इंडेक्स टू ची) प्रत त्यासाठी हाताशी ठेवावी.

वडिलांनी कूलरचा आग्रह धरला होता आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी असते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट एवढी उष्णता हवेतून घेतं, तेही कूलरच्या दीड-दोनशे वॉटवर. अट एवढीच की खिडकी उघडी हवी आणि पाणी हवं.

पाणी

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे टाकीतली पातळी कळणं ही खरी गरज आहे. घेतलेला सेन्सर ध्वनिलहरींवर चालणारा होता. त्याला स्वतःच्या तोंडाजवळचे वीस-पंचवीस सेंटिमीटर दिसत नाहीत. टाकी काठोकाठ भरली की आकडा भरकटायचा. शिवाय उन्हात झाकणाच्या आतून थेंब साचून सेन्सरच्या तोंडावर बसायचे. प्लास्टिकच्या पाइपाचा तीस सेंटिमीटरचा तुकडा झाकणावर उभा करून त्याच्या टोकाला सेन्सर बसवला, दोन्ही तक्रारी गेल्या. धातूच्या काड्यांचा सेन्सर बोअरच्या पाण्यात नको, क्षाराचा थर चढून तो चुकीचं सांगतो.

आरओ घ्यायच्या आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजावा, नळाचा आणि बोअरचा वेगवेगळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. नळाचं पाणी ५०० च्या आत असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचं शुद्धीकरण) पुरतं. आरओ निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो आणि आठवड्याचं पाणी साठवणाऱ्या घराला ते परवडत नाही. बोअरचं प्यायचं असेल तर आरओ घ्यावा आणि सोडलेलं पाणी फरशीसाठी बादलीत धरावं.

राउटर

वायफाय ७ चं मोठं आकर्षण ६ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. पण सरकारी कागद निघाला म्हणून आधी घेतलेल्या राउटरमध्ये तो पट्टा आपोआप उघडत नाही. कंपनीने भारतासाठी फर्मवेअर (राउटरच्या आतली प्रणाली) द्यावं लागतं, फोन-लॅपटॉपही त्या पट्ट्याचे लागतात. घरातला एकच फोन तसा होता.

खरी अडचण जागेची होती. फायबरची पेटी दाराशी, डीबीच्या शेजारी बसवलेली आणि काम करायची खोली दोन भिंती पलीकडे. टीव्हीच्या रिकाम्या पाइपातून कॅट ६ केबल ओढून राउटर हॉलच्या मध्यावर आणला, उंची दीड मीटर. एवढ्याने भागलं. स्मार्ट मोड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर जोडणी अर्ध्यावर तुटते. मोड्यूल जोडताना ५ गिगाहर्ट्झ तात्पुरता बंद ठेवावा, किंवा २.४ ला वेगळं नाव द्यावं.

सोलर, ज्यावर थांबावं लागलं

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. स्वतंत्र घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. हे आकडे वाचून कुटुंबाने सोलर धरूनच बजेट मांडलं होतं. फ्लॅटची गच्ची मात्र सामाईक असते. सोसायटीला सामाईक वापरासाठी, म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात आणि त्याला सभेचा ठराव लागतो. ती सोसायटी अजून नोंदलेलीच नव्हती.

दुसरा गैरसमज त्याहून मोठा. ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेलं साधं सोलर लाइट गेल्यावर बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या कामगाराच्या तारेत आपली वीज जाऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. सोलर आलं म्हणून बॅटरीची गरज जात नाही. त्यामुळे सोलरची रक्कम बाजूला ठेवली आणि तिच्यातून डीबीचं काम केलं.

काय उरलं

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सगळं भरून चाचणी घेतली: एसी, गिझर आणि सगळे पंखे अर्धा तास चालू ठेवून डीबीतल्या प्रत्येक एमसीबीचा स्क्रू तापतोय का ते, त्याला हात न लावता, पाहिलं. न्यूट्रल पट्टीचा एक स्क्रू सैल निघाला, तो मेन बंद करून आवळला. प्रत्येक आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं.

प्लग पॉइंटच्या एका लाइनवर अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आली होती, पण डीबीत जोडलेलीच नव्हती. हे बिल्डरच्या खात्यातलं काम. रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला असा दोष लेखी कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगून चालत नाही. फोटो, तारीख आणि बोर्डाची जागा लिहून पत्र दिलं आणि पोच घेतली. अकराव्या दिवशी माणूस आला.

बोर्ड उघडताना काढलेले नऊ फोटो आणि कुठल्या पाइपातून कुठली तार जाते याचा हाताने काढलेला नकाशा आता डीबीच्या दाराच्या आत चिकटवलेला आहे. मुलीच्या खोलीच्या बोर्डापुढे त्यावर लाल पेनाने लिहिलंय: "न्यूट्रल नाही. पाइप २० चा, भरलेला. ओढू नये."